माळ्यावरच्या जुन्या संगणकातून काय काढावे आणि काय सोडून द्यावे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. लालबागमधील आपली चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत आहे. माळ्यावर आपल्या वडिलांचा २००७ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे, आणि त्यात कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, १७ इंची एलसीडी मॉनिटर आणि यूपीएस एवढे साहित्य आहे. तो शेवटचा कधी सुरू केला हे घरात कोणाला आठवत नाही. भंगारवाला सगळ्याचे मिळून तीनशे रुपये देऊ करतो आहे. त्यातले कोणते भाग काढून ठेवण्याजोगे आहेत आणि ते कसे काढावेत, असे आपण विचारले आहे. मी पंचवीसएक वर्षे गिरगावात संगणकदुरुस्तीचे काम करतो आणि अशी मशीन जवळजवळ दर आठवड्याला उघडतो, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

पहिली गोष्ट अशी की, भाग सुटे करण्याआधी मशीन एकदा सुरू होते का हे पाहावे. चालत्या मशीनमधून काढलेला भाग चांगला आहे हे आपल्याला ठाऊक असते. बंद मशीनमधून काढलेला भाग मात्र कोडे होऊन बसतो, आणि ते कोडे सोडवायला दुसरे तसेच मशीन लागते, जे आपल्याकडे नसते. माझ्या दुकानात एके काळी ‘बहुधा चालू’ अशी चिठ्ठी लावलेल्या रॅमच्या पट्ट्यांचा एक डबा होता. त्यातली एकही पट्टी मी कधी गिऱ्हाइकाला देऊ शकलो नाही, कारण तपासायला लागणारा वेळ पट्टीच्या किमतीपेक्षा महाग पडत असे.

तरीही माळ्यावरून खाली आणले आणि थेट प्लग लावला, असे करू नये. मुंबईतल्या माळ्यावर इतके पावसाळे काढलेल्या कॅबिनेटमध्ये नुसती धूळ नसते. दमट, किंचित खारट हवेने ती धूळ चिकट झालेली असते, आणि झुरळांची, पालींची, कधी उंदरांची घाणही तिच्यात मिसळलेली असते. अशा थरातून वीज वाहू शकते. बाजूचे झाकण काढून कॅबिनेट दोन-तीन दिवस कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवावे. मग मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढावी, पण ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. मागे एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या लोखंडी डब्यावर, लाल रंगाची सरकती कळ असेल, तर ती २३० वर आहे ना हे बघून घ्यावे. घरातल्या लहान मुलांना ही कळ फार आवडते. ती ११५ वर असताना आपल्या घरचा विजेचा दाब दिला तर एसएमपीएस मोठा आवाज करून संपतो.

झाकण उघडेच असताना मदरबोर्डावरील, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मोठ्या पाटीवरील, कपॅसिटर पाहून घ्यावेत. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभी असलेली लहान लहान नळकांडी म्हणजे कपॅसिटर. त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते. माथा सपाट असेल तर ठीक आहे, पण तो पुरीसारखा फुगलेला असेल किंवा खाचेतून तपकिरी रस येऊन वाळला असेल, तर तो कपॅसिटर गेला असे समजावे. २००० ते २००७ च्या सुमारास निकृष्ट इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभरातील बोर्डांवर बसले होते, आणि आपले मशीन त्या काळाच्या शेवटाकडचे आहे. दोन-तीन कपॅसिटर फुगले असतील तर ते बदलता येतात. मात्र त्यासाठी सोल्डरिंगचा हात लागतो, आणि त्या खर्चात हल्ली याहून नवा, पण वापरलेला बोर्ड मिळतो. केवळ शिकण्यासाठी करायचे असेल तर अवश्य करावे.

आता सुरू करण्याचा क्रम सांगतो. सर्वांत आधी हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढून टाकाव्यात. बहुतेक लोक हेच करत नाहीत. अनेक वर्षे पडून राहिलेला एसएमपीएस पहिल्या झटक्यात बिघडला, तर जाताना तो जोडलेल्या वस्तू घेऊन जातो. मदरबोर्ड गेला तर गेला, पण आपल्या वडिलांची डिस्क ही या सगळ्या सामानातली एकच वस्तू अशी आहे की जिच्यातला मजकूर पुन्हा कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

एसएमपीएस आधी एकटाच तपासावा. त्याच्या साऱ्या वायरी मदरबोर्डापासून आणि इतर भागांपासून सोडवाव्यात. मोठ्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. एक जेमक्लिप सरळ करून तिचे एक टोक हिरव्या वायरीच्या भोकात आणि दुसरे शेजारच्या काळ्या वायरीच्या भोकात घालावे, आणि मगच भिंतीवरचा स्विच लावावा. पंखा फिरला की मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळा प्रोब काळ्या वायरीला लावावा आणि लाल प्रोबने बाकीच्या वायरी मोजाव्यात. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या दरम्यान, लाल वायरीवर ५ व्होल्ट, म्हणजे ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान, आणि नारिंगी वायरीवर ३.३ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. रिकामा असताना बरोबर दिसणारा एसएमपीएस भार पडल्यावर बसू शकतो. म्हणून मी पिवळ्या आणि काळ्या वायरीमध्ये मोटारसायकलचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावून पाच मिनिटे पेटता ठेवतो आणि पुन्हा मोजतो. आकडा ११.४ च्या खाली घसरू लागला किंवा जळका वास आला, तर त्याचा विचार तिथेच सोडून द्यावा.

एसएमपीएसच्या डब्याचे झाकण मात्र घरी कधीही उघडू नये. आत २३० व्होल्टच्या एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि ते दोन मोठ्या कपॅसिटरांत साठते. प्लग काढल्यावरही काही काळ ते तिथेच असते, आणि आतला बिघाड असेल तर तो काळ किती हे सांगता येत नाही.

एसएमपीएस पास झाला तर तो परत जोडून, डिस्क अजून वेगळीच ठेवून, मॉनिटरसह मशीन सुरू करावे. पडद्यावर बायोसचे, म्हणजे विंडोजच्या आधी येणारे मदरबोर्डाचे स्वतःचे, पान आले, २ जीबी रॅम दिसली आणि तारीख चुकली असल्याची तक्रार आली, तर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि मॉनिटर हे चारही एका फटक्यात तपासून झाले. तारखेची तक्रार येणारच, कारण बोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल एव्हाना संपलेला असतो. तो काढून टाकावा आणि घरात लहान मूल असेल तर लगेच उचलून ठेवावा, कारण असा सेल गिळणे जिवावर बेतू शकते. पडदा काळाच राहून लांब लांब बीप ऐकू आल्या, तर बहुधा रॅमच्या पट्टीवर गंज धरला आहे. स्विच बंद करून पट्टी काढावी, तिच्या सोनेरी दातांवरून पांढरे मऊ खोडरबर दोन-तीनदा हलकेच फिरवावे, रबराचा भुगा झटकावा आणि पट्टी परत बसवावी. दुरुस्तीवाल्यांचा हा उपाय ऐकायला पोरकट वाटतो, पण आपल्या हवेत दहांपैकी निम्म्या बंद मशीन त्यानेच उठतात. मात्र त्या दातांवरील सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, तेव्हा भांडी घासल्यासारखे घासू नये.

आता डिस्ककडे येतो. ती जुन्या मशीनमध्ये सुरू न करता आपल्या आजच्या लॅपटॉपला जोडावी. जुने विंडोज सुरू झाले की ते लगेच डिस्कवर स्वतःचे काहीबाही लिहू लागते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणे टाळलेले बरे. साटा, म्हणजे अरुंद केबलच्या जातीच्या डिस्कसाठी यूएसबी ॲडॉप्टर सहज मिळतो, पण ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणून स्वतःचा वेगळा वीजपुरवठा असलेलाच ॲडॉप्टर घ्यावा. लॅपटॉपच्या लहान डिस्कचा ॲडॉप्टर आणून ‘डिस्क दिसतच नाही’ म्हणणारी माणसे मला महिन्याला एक तरी भेटतात. आपल्या डिस्कची केबल चपटी, रुंद आणि ४० पिनांची निघाली तर ती आयडीई जातीची आहे आणि तिला त्या जातीचा ॲडॉप्टर लागेल. पण २००७ च्या मशीनमध्ये डिस्क बहुतेक साटाच असते, आणि डीव्हीडी रायटर मात्र बरेचदा आयडीई असतो.

डिस्क जोडल्यावर कान द्यावा. संथ घूं असा आवाज चांगला. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज आला तर तत्क्षणी वीज बंद करावी आणि मजकूर मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या व्यावसायिकाकडे जावे. ‘अजून एकदा करून बघू’ असे प्रत्येक वेळी करताना डिस्कचे वाचक टोक आतल्या तबकडीवर आणखी एक ओरखडा काढत असते. आवाज ठीक असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममधून डिस्कची स्वतःची नोंदवही पाहावी. तीत क्रमांक ५, १९७ आणि १९८ या खराब जागांच्या नोंदी शून्य असतील तर निवांत कॉपी करावी, आणि शून्य नसतील तर आधी फोटो आणि कागदपत्रे, मग बाकीचे, अशा क्रमाने घाईने करावी. काही ॲडॉप्टर ही नोंदवही दाखवत नाहीत. तसे झाले तर डिस्क खराब आहे असे समजून चालावे, म्हणजे फसगत होत नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. धंद्यात पडून मला दोन-तीन वर्षे झाली असताना एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क आणून दिली. विंडोजने ‘डिस्कमध्ये चूक आहे, दुरुस्त करू का’ असे विचारले आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने हो म्हटले. चेकडिस्क रात्रभर चालले. सकाळी फोल्डरांच्या जागी क्रमांक टाकलेल्या तुटक फाइलींची रास होती आणि अर्धे फोटो अर्धवट उघडत होते. त्या प्रोग्रॅमचे काम फाइलींची व्यवस्था सुसंगत करण्याचे असते, आपले फोटो वाचवण्याचे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हा विंडोजने ‘स्कॅन करून दुरुस्त करू’ किंवा ‘फॉरमॅट करू’ असे काहीही विचारले तरी नाही म्हणावे. डिस्क अडखळत असेल तर लिनक्स या विंडोजला पर्यायी मोफत प्रणालीवरील डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरावा. तो आधी धडधाकट भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो.

१६० जीबीची डिस्क विंडोजमध्ये १४९ जीबीच दिसेल. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, काही हरवलेले नाही. भरलेली डिस्क यूएसबी २ वरून उतरवायला दीडएक तास लागतो. सगळीच्या सगळी उतरवावी, निवडत बसू नये. मशीनवर विंडोज एक्सपी असेल तर वडिलांचे कागद ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात त्यांच्या नावाखाली सापडतील. ते आउटलुक एक्सप्रेस वापरत असतील तर त्यांची पत्रे तिथेच एका लपवलेल्या फोल्डरात डीबीएक्स शेपटीच्या फाइलींत असतील, आणि लपवलेल्या फाइली दिसण्याची सोय सुरू केल्याशिवाय त्या डोळ्यांना दिसणारही नाहीत.

मराठी घरांतल्या जुन्या संगणकांबाबत आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते. त्या काळी मराठी टंकलेखन बहुधा श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत होत असे, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी आजची युनिकोड पद्धत रुळण्यापूर्वीच्या. त्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या की चाळ कमिटीच्या सभेचे इतिवृत्त रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांच्या खुणांचा चिवडा होऊन समोर येते. घरचे लोक फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकतात. ती खराब झालेली नसते, फक्त तिचा फॉन्ट जवळ नसतो. म्हणून कॉपी करताना विंडोजच्या फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही आठवणीने उचलावा. फॉन्ट हाताशी असला की मजकूर वाचता येतो, आणि कोणता फॉन्ट होता हे कळले की तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो. जोडाक्षरे आणि रफार थोडे हाताने सुधारावे लागतात, पण ते तासाभराचे काम आहे.

कॉपी दोन ठिकाणी करून, दोन्हींतल्या दहा-बारा फाइली उघडून पाहिल्याशिवाय मूळ डिस्क पुसू नये. माझे मत विचाराल तर पुसूच नये. ती तळहातावर मावते आणि तिला आता बाजारात काही किंमत नाही, तेव्हा कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात तिसरी प्रत म्हणून राहू द्यावी. द्यायचीच असेल तर फाइली नुसत्या डिलीट करून भागत नाही, कारण त्याने फक्त यादीतले नाव जाते. डिस्कचे सी, डी असे पाडलेले सर्व विभाग काढून एकच विभाग करावा आणि ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळीकडे शून्ये लिहिणे, आणि घरगुती डिस्कसाठी ते एकदा करणे पुरेसे आहे. बंद पडलेल्या डिस्कला ही सोय नाही. तिच्यात ड्रिलने आरपार दोन-तीन भोके पाडावीत. वडिलांच्या पासबुकांची आणि पॅन कार्डाची स्कॅन त्यात असण्याची शक्यता आपण समजता त्यापेक्षा जास्त आहे.

बाकी भागांना मी एकच प्रश्न लावतो, की हा भाग कोणत्या मशीनमध्ये बसणार आहे. ते मशीन डोळ्यांसमोर नसेल तर भाग ठेवू नये, कारण मुंबईतल्या घरात एका कप्प्याच्या जागेचे मोल त्या भागाच्या किमतीच्या कित्येक पट असते.

या कसोटीवर मॉनिटर सर्वांत वर येतो. १७ इंची चौकोनी पडद्यावर १२८० बाय १०२४ ठिपके असतात, आणि त्याची उंची आजच्या रुंद लॅपटॉपपेक्षा मजकूर वाचायला सोयीची पडते. त्याला व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणीच असेल, तर एचडीएमआयचे व्हीजीए करणारा लहानसा कन्व्हर्टर घ्यावा आणि तो लॅपटॉपचा दुसरा पडदा करावा. सुरू होऊन दोन सेकंदांत काळा पडत असेल, तर दोष बहुधा मागच्या उजेडाच्या नळ्यांचा किंवा वीजपुरवठ्याच्या पाटीवरील कपॅसिटरांचा असतो. कपॅसिटर स्वस्तात बदलून मिळतात, पण नळ्यांच्या मागे लागू नये. त्यांत थोडा पारा असतो, म्हणून असा मॉनिटर फोडायचाही नाही. आपल्याकडे जुना काचेच्या नळीचा मॉनिटर असता तर मी तो न उघडता द्या एवढेच सांगितले असते. त्याच्या नळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट चढतात आणि काचेत शिसे असते.

रॅम डीडीआर-२ या जुन्या पिढीची असणार. ती आजच्या कोणत्याही मशीनमध्ये बसत नाही. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींच्या पट्ट्यांना २४० दात असल्यामुळे लोक एकीच्या जागी दुसरी दाबून बसवू पाहतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि विजेचा दाबही वेगळा, एकीला १.८ तर दुसरीला १.५ व्होल्ट. पट्टी सहज बसत नसेल तर ती तिथली नाहीच. ओळखीत कोणाकडे याच पिढीचे मशीन असेल तर त्याला देऊन टाकावी. हाच संगणक २०११-१२ चा असता तर त्यातील डीडीआर-३ च्या ४ जीबीच्या पट्टीसाठी मी आपल्याला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजाराची फेरी मारायला सांगितले असते. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असते, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहू नये.)

प्रोसेसर एकटा काढण्यात अर्थ नाही, तो बोर्डावरच राहू द्यावा. त्याच्या पाटीला खाली पिना नसतात, पिना सॉकेटमध्ये असतात. त्या ७७५ केसासारख्या पिनांतली एक जरी वाकली तरी बोर्ड गेला. प्रोसेसरवरच्या सोन्याविषयी ऐकून जे तरुण ॲसिडच्या मागे लागतात, त्यांना मी सांगतो की, घरातल्या एका-दोन प्रोसेसरांतून निघणारे सोने ॲसिडच्या बाटलीचा खर्च भरून काढत नाही, आणि त्या वाफांनी फुप्फुसांचे जे होते ते वेगळेच.

चालू स्थितीतला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हा संच मात्र एका ठिकाणी खपतो. लहान कारखान्यांच्या गाळ्यांत काही कटिंगची आणि छपाईची यंत्रे अशी असतात की, त्यांचे सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालते आणि त्यांना मागे सीरियल किंवा प्रिंटर पोर्ट लागतो. तो बोर्ड गेला की मालक तसाच जुना बोर्ड शोधत फिरतो. अशा ठिकाणी द्यायचा असेल तर एवढे सांगून द्यावा की एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहे, तेव्हा त्या मशीनला इंटरनेट जोडू नये.

एसएमपीएस चाचणीत उतरला असला तरी तो नव्या संगणकात वापरू नये. त्याचे वय झाले आहे, आणि स्थानिक बनावटीच्या डब्यांवर छापलेले ४५० वॅट हे बहुधा छापण्यापुरतेच असतात. टेबलावर १२ आणि ५ व्होल्टचा पुरवठा म्हणून, पंखे किंवा एलईडी पट्ट्या तपासायला, तो उत्तम आहे. चालू ठेवून निघून जायचे नाही आणि काम झाल्यावर भिंतीवरून बंद करायचा, एवढे पथ्य पाळावे. ८० मिलिमीटरचा कॅबिनेटचा पंखा ठेवावा. त्याच्या मधला स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला की घरघर थांबते, आणि सोल्डरिंगचा धूर ओढायला किंवा तापणाऱ्या राउटरमागे तो उपयोगी पडतो. साटा केबली, पॉवर केबल आणि स्क्रू ठेवावेत. स्क्रू दोन जातींचे निघतात. जाड आट्यांचे कॅबिनेटचे आणि हार्ड डिस्कचे असतात, बारीक आट्यांचे डीव्हीडीचे. ते दोन वेगळ्या पुड्यांत ठेवले नाहीत तर पुढे एखाद्या चांगल्या ड्राइव्हचे आटे मारले जातात.

संपूर्ण मशीन लिनक्स घालून चालवता येईल का, हा विचार आपल्याही मनात आला असेल. येते. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, लावली तर मशीन चकित करण्याइतके चपळ होते, आणि रॅम ४ जीबीपर्यंत वाढवता आली तर मुलांना टंकलेखन शिकायला पुरते. पण घरची फाइल-तिजोरी म्हणून ते चोवीस तास चालू ठेवण्याचा बेत असेल तर आधी हिशेब करावा. समजा ते ७० वॅट घेते, तर महिन्याला सुमारे ५० युनिट होतात, आणि तेच काम १० वॅटच्या आत करणारी छोटी यंत्रे मिळतात. शिवाय नव्या तात्पुरत्या घरात ते ठेवणार कुठे, हे आपल्यालाच ठाऊक.

यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि ती आता फुगलेली असणार. बॅटरी वेगळी काढून तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. बॅटरीच्या दुकानात नवी घेताना जुनी परत घेऊन किंमत कमी करून देतात, भंगारात वजनावर देण्यापेक्षा ते चांगले. नवी बॅटरी घालून यूपीएस चालला तर ठेवावा, तो नव्या संगणकालाही चालतो.

उरलेल्या सांगाड्याविषयी. भंगारवाल्याचे तीनशे रुपये वाईट नाहीत, आणि रिकामे कॅबिनेट त्यालाच द्यावे, ते निव्वळ लोखंड आहे. सर्किटच्या पाट्या, मॉनिटर आणि वायरी मात्र त्या ढिगात जाऊ देऊ नयेत. तांब्यासाठी वायरी जाळल्या की पीव्हीसीतून निघणारा धूर जाळणाऱ्याच्या आणि शेजारच्या वस्तीच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असते. पुनर्विकासामुळे आपल्या चाळीतल्या इतर खोल्यांतूनही असेच सामान निघणार आहे. सगळ्यांचे एकत्र केले तर गाडी दारापर्यंत येण्याची शक्यता वाढते.

कॅबिनेट हातातून सोडण्याआधी दोन जागा पाहून घ्याव्यात. मागच्या प्रिंटर पोर्टात आगपेटीएवढा एखादा तुकडा बसवलेला असेल तर तो काढून ठेवावा. त्या काळच्या काही मराठी टंकलेखनाच्या आणि हिशेबाच्या पॅकेजांचे ते कुलूप असते, आणि ते नसेल तर वडिलांचे मूळ सॉफ्टवेअर पुन्हा सुरू होत नाही. दुसरी जागा डीव्हीडीचा ट्रे. वीज नसताना तो बटणाने उघडत नाही, पण समोर टाचणीएवढे एक भोक असते. एसएमपीएस तपासताना सरळ केलेली तीच जेमक्लिप त्यात घालून दाबली की ट्रे बाहेर येतो, आणि कोणी तरी शेवटची घातलेली सीडी त्यात बरेचदा तशीच असते.